भिकन पहिलवानाचं लोणी

“जित्ता व्हता तवय बठ्ठं लोणी खाई गया तुना बाप,” कमलबाई म्हणाली. “आते मरी गया, तरी मीच वाटू का?”

“माय, हळू बोल. बाबांची पहिली आखाजी आहे,” प्रेमराज दाराकडे बघत म्हणाला. “ताटात दाण्याचं लोणी दिसलं नाही तर गाव काय म्हणेल?”

“गाव ऊनं व्हतं का कधी पाट्यावर वाटाले?”

प्रेमराज धुळ्यात नोकरीला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी बायकोला घेऊन दोंडाईचाजवळच्या या गावी आला होता. सुनिताला सातवा महिना चालू होता. बहीण कोकिळा बोदवडहून आली होती. वडील हिवाळ्यात गेले, त्यामुळे यंदा पाण्याची घागर त्यांच्या नावानं भरायची आणि त्यांच्याच नावानं एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं होतं. भिकन पहिलवानाच्या जागी भटू आबा बसणार होता, तालमीतला जोडीदार. लोण्याचं विसरू नका, असा त्याचा निरोपही येऊन गेला होता.

“मिक्सरवर फिरवते ना मी,” सुनिता म्हणाली.

“मिक्सरचं बाबांना लगेच कळायचं.”

“कळू दे,” कमलबाई म्हणाली. “उठीसन येस का सांगाले, ते पाहू.”

कोकिळाला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. प्रेमराज मात्र चिडला. “चेष्टा नको. सुनिताकडे बघ. घरात लेकरू येणार आहे. पितर उपाशी उठला आणि उद्या काही वेडंवाकडं झालं, तर?”

कमलबाई सुनेच्या पोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दाणे काढ, कोकिळा.”

प्रेमराजला वाटलं, मिटलं.

भिकननं कुस्ती सोडली ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. लोणी सोडलं नाही. तालमीतल्या वस्तादानं सांगितलं होतं, बदाम परवडत नसतील तर भुईमुगाचे दाणे पाट्यावर वाट, लोणी होईपर्यंत वाट. ते वाटणं कमलबाईच्या हाताला आलं. नदीची वाळू कढईत तापवून त्यात दाणे भाजायचे, सालं चोळून सुपात पाखडायची आणि दाणे कोमट आहेत तोवर वरवंटा धरायचा. आधी कूट होतो. मग त्याचा चिकट गोळा होतो, वरवंटा धरून ठेवतो, खांदे भरून येतात. चटणी करणाऱ्या बायका तिथंच थांबतात. तिला थांबता येत नसे. गोळा रेटत राहिलं की एकाएकी सैल होतो, तेल सुटतं आणि पाट्यावर तांबूस लोणी पसरतं. पाण्याचा थेंब लागला तर सगळं वाया. मीठ, गूळ घालून बरणी भरली की भिकन ती कपाटात ठेवून कुलूप लावायचा. पाट्याला जे चिकटून राहायचं ते स्वतः भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायचा आणि तो तुकडा शर्यतीच्या बैलाला घालायचा. पोरं उंबऱ्यात उभी राहून बघायची.

कोकिळाच्या वेळेस कमलबाईला डोहाळे लागले ते नेमके याच लोण्याचे. तिनं बोटभर मागितलं. “बैलाशी बरोबरी करतेस का?” म्हणून तो हसला. तेवढ्यावर राहिलं असतं तरी तिनं गिळलं असतं. त्यानं ते संध्याकाळी पारावर सांगितलं. नंतर कित्येक वर्षं कमलबाई पाण्याला निघाली की पारावरून भटू बैलासारखा हंबरायचा आणि भिकन मांडीवर थाप मारून सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

आखाजीच्या सकाळी तिनं पाटा अंगणात घेतला. सुनितानं मदतीला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. घामानं चोळी भिजली, तरी ती उठली नाही. लोणी उतरलं तेव्हा प्रेमराज खूश होऊन म्हणाला, “हे खरं. बाबांचा आत्मा तृप्त होईल.”

“बरणी मनाजवळ राहू दे,” ती म्हणाली.

दुपारी भटू आबा धुतलेलं धोतर नेसून आला. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवले होते. चुलीपुढं निखारे काढलेले होते, पितराच्या नावानं घास टाकायला. पाटावर बसताच त्यानं ताट न्याहाळलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया, वरण-भात.

“सगळं आहे, वहिनी. पण पहिलवानाची वस्तू कुठं आहे?”

“माय, बरणी दे,” प्रेमराज म्हणाला.

कमलबाईनं बरणीचं झाकण काढलं. दोन बोटं आत घातली, लोणी काढलं आणि सगळ्यांच्या देखत चाटून खाल्लं. पितर जेवायच्या आधी त्या घरात कुणी पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नव्हतं.

“माय!” प्रेमराज ओरडला. “उष्टं केलंस तू!”

“हा.” तिनं पुन्हा बोटं घातली. सावकाश खाल्लं. आयुष्यभर वाटलं त्या मानानं चव काही फार मोठी नव्हती. गूळ थोडा जास्त झाला होता. तरी तिनं तिसऱ्यांदा घेतलं.

भटू आबाचा हात ताटावरच थांबला. “वहिनी, हे बरं नाही. पितराचा घास आहे.”

“हंबर ना आबा,” कमलबाई म्हणाली. “आते का बरं गप बसना?”

तो मान खाली घालून भाताकडे बघू लागला.

तिनं बरणी लेकीपुढं धरली. कोकिळा मागं सरकली. “नको माय. माले त्याना वासबी सहन व्हत नही.” कमलबाईला ते लागलं. तिनं बरणी सुनेकडे वळवली. सुनितानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि तळहात पुढं केला.

“सुनिता, खाऊ नको!” प्रेमराज म्हणाला. “पितराचा कोप झाला तर कोण निस्तरणार?”

“मी,” कमलबाई म्हणाली. सुनेच्या हातावर लोण्याचा गोळा ठेवला, पदराला बोटं पुसली आणि चौघांनाही ऐकू जाईल अशा साध्या आवाजात सांगितलं, “दर आखाजीला लोणी होईल. पाट्यावरच होईल. आधी मी खाईन, मग सून खाईल, मग ज्याला पाहिजे तो. तुझ्या बापाच्या ताटात ते जाणार नाही. यंदा नाही, कधीच नाही. आता निखाऱ्यावर वरण-भाताचा घास टाक आणि आबांना जेवू दे.”