भैय्याजीची समुद्रावरची बाई

सावरगावच्या भैय्याजीनं समुद्रावर बाई ठेवली, ही बातमी मे महिन्यातल्या एका सोमवारी पांढुर्ण्याच्या चहाच्या टपरीवर उतरली आणि गुरुवारपर्यंत त्या बाईला दहा वर्षांचा मुलगाही झाला. मुलाचं श्रेय शेजारच्या विजयमालाबाईंचं. त्यांच्या दारात आलेली बातमी उपाशीपोटी परत जात नसे.

पुरावा मात्र पक्का होता. भैय्याजीच्या पुतण्याच्या, राजूच्या मोबाइलवर फोटो आला होता. निळं पाणी, पाण्यात भैय्याजी उताणा, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर पोळ्याचं जेवून बाजेवर पडल्याचं समाधान. आणि पाठीखाली एका तरुण बाईचे दोन्ही हात. समुद्रकाठच्या ज्या तंबूंच्या कँपवर भैय्याजी उन्हाळ्यापुरता कामाला जाई, तिथल्याच कुणा पाहुण्यानं तो फेसबुकवर टाकला होता.

भैय्याजीच्या बायकोनं, जयवंतानं, फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, मोबाइल राजूला परत दिला आणि घराला कुलूप घातलं. मोहगावला भावाकडे निघताना ती विजयमालाबाईंना एवढंच म्हणाली, "थे आले का सांगजा. थे बाई कोण आहे, हे चार लोकांत सांगतीन, तवाच मी घरी येईन."

आता भैय्याजी समुद्रावर गेलाच काहून? तर माणूस बावन्न वर्षांचा, संत्र्याच्या बागेचा राखणदार. मृगाचा बहार धरायचा म्हणून उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात, झाडांना ताण देतात. झाडं तहानलेली आणि भैय्याजी रिकामा. दोन वर्षांपूर्वी संत्र्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं त्याला मालवणकडच्या या कँपचं सांगितलं. तिथल्या मॅनेजरनं पहिलाच प्रश्न केला, "पोहता येतं का?"

भैय्याजी हसला. "साहेब, जाम नदीच्या पुरातून कालवड खांद्यावर घेऊन आलो मी."

ही कालवड सावरगावात देवीसारखी प्रसिद्ध होती. तिच्याच जोरावर भैय्याजीचं लग्न जमलं होतं. जयवंतानं आधी दोन स्थळं नाकारली होती, पण पुराची गोष्ट सुरू झाल्यावर तिनं दाराआडून मान काढली आणि होकार देऊन टाकला. तीस वर्षांत कालवड वाढून म्हशीएवढी झाली, तरी भैय्याजीच्या खांद्यावरून उतरली नाही.

कँपवर माणूस गुणाचा ठरला. त्यानं ठोकलेली तंबूची मेख वाऱ्याला हलत नसे. बागेतल्या सवयीनं त्यानं माडांच्या बुंध्यांनाही चुना-मोरचूद फासला. मॅनेजर ओरडला, पाहुण्यांनी मात्र त्या निळसर बुंध्यांना टेकून फोटो काढले.

घात झाला तो पहिल्याच उन्हाळ्यात, तिसऱ्या आठवड्यात. दुपारी पाणी मागं सरकलं. जाम चैत्रात मागं सरकली की पावसाळ्याशिवाय परत येत नाही, हे भैय्याजीला जन्मापासून माहीत. समुद्र आटला, इतकी चांगली जागा मोकळी पडली, पाहुण्यांना पाण्याजवळ बसवावं, असा विचार करून त्यानं सोळा खुर्च्या अन् सतरंजी ओल्या वाळूवर नेऊन मांडली. मग निवांत जेवायला बसला. हात धुवून पाहतो तर खुर्च्या निघाल्या होत्या.

तो मागोमाग पाण्यात धावला. गुडघ्यापर्यंत धावला, कमरेपर्यंत चालला, छातीपर्यंत गेल्यावर "माय वो!" म्हणून ओरडला. कँपची लाइफगार्ड श्रुती, चोवीस वर्षांची पोरगी, तिनं त्याला कॉलर धरून बाहेर आणलं. काठावर तिनं हळूच एक प्रश्न विचारला. भैय्याजीनं वाळूकडे पाहिलं.

"मॅनेजरला सांगत नाही, काका," ती म्हणाली. "पण रोज सकाळी सहा वाजता इथं यायचं. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही नाही."

तेव्हापासून तो दर उन्हाळ्यात सकाळी सहाला तिथं हजर असे. घरी अवाक्षर नाही.

यंदा जूनच्या तोंडावर तो परतला, तेव्हा दाराला कुलूप अन् समोर विजयमालाबाई. "भाऊजी, पोरगा कितवीत आहे जी?"

टपरीवर मात्र वेगळंच. जे लोक त्याला सरकून जागा देत नसत, ते उठून उभे राहिले. कुणी चहा सांगितला, कुणी मिशीकडे आदरानं पाहिलं. दोन दिवस भैय्याजीला हा मान गोडही लागला. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातची करपलेली भाकर खाता खाता त्याला कळलं, की या मानाला जयवंताच्या हातची चव नाही.

तो मोहगावला गेला. जयवंताचा भाऊ गजेंद्र छपरीत चार लोकांसोबत बसला होता. या चौघांनी कालवडीची गोष्ट शंभरदा ऐकलेली.

"या, समुद्राचे जावई!" गजेंद्र म्हणाला.

जयवंता दारात येऊन उभी राहिली. "कोण आहे थे?"

"घरी चाल, सांगतो."

"इथंच सांगा. फोटो समद्यांनी पाहिला, आता समदे ऐकतीन बी."

भैय्याजीनं टोपी काढली, घातली. बाईचं कबूल केलं तर बायको जाते. खरं सांगितलं तर कालवड जाते. आणि कालवड गेली तर जयवंतानं दाराआडून पाहिलेला माणूसच राहत नाही.

"थे मास्तरीण आहे," तो म्हणाला.

"कायची?"

त्यानं सांगितलं. छपरीत कोणी हसलंसुद्धा नाही, इतकं नवल झालं.

"मंग कालवड?" जयवंतानं विचारलं.

"कालवड पोहून राहिली होती. मी तिची शेपटी धरून होतो."

तेव्हा गजेंद्र खाटेवरून पडला. जयवंता आत गेली आणि पिशवी घेऊनच बाहेर आली.

"पुढल्या साली मी बी येतो तिथं," ती म्हणाली. "तुमचा भरवसा नाही. तिथं शेपटी कोणाची धरसान?"

भैय्याजीला पोहता येत नव्हतं. श्रुती तीन उन्हाळे त्याला शिकवत होती, आणि फोटो काढला त्या दिवशी तो पहिल्यांदा तरंगला होता.