तब्येत सुधारली म्हणे

आमच्याकडं तब्येत म्हणजे वजन. माणूस जाड झाला की तब्येत सुधारली, वाळला की तब्येत गेली, मधलं काही नाही. मी गेवराईच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं या अर्थावर मी पुष्कळदा वाद घातला. घरात माझं कोण ऐकतंय! मी जन्माची काडी. तूप, खारीक, शेंगदाण्याचे लाडू, आईनं सगळं करून पाहिलं, पण माझ्या अंगाला काही लागलं नाही.

त्यात मला तो आजार जडला. रोगाशी लढायला शरीरात जी फौज असते, तीच उलटते आणि नस जिथं स्नायूला हुकूम देते तिथं घाव घालते, असं डॉक्टरांनी समजावलं. सकाळी मी ठणठणीत असायचे. दुपार झाली की डावी पापणी पडायची, आवाज नाकातून यायला लागायचा, आणि पोरांना वाटायचं, बाईंना झोप आली. रात्री भाकरी चावताना जबडा इतका थकायचा की हनुवटीला हात लावून घास संपवावा लागे. तरी गोळ्यांवर निभत होतं.

मला चावायला होत नाही हे कळल्यावर नांदूरघाटला राहणाऱ्या आईनं एसटीनं डबे पाठवून मऊ पदार्थांचा सपाटाच लावला. घुटं, कढी, आंबील, ताकातल्या कण्या. लेकीच्या तोंडाला चव राहावी म्हणून मीठही सढळ हातानं.

एका दिवाळीला माहेरी गेले तर शेजारणी माझ्याकडं बघतच राहिल्या. गाल वर आले होते, मनगटं भरली होती. आईनं उंबऱ्यातच मीठ-मिरच्या उतरवल्या.

"आता कुटं अंग धरलं माज्या लेकीनं," ती येईल त्याला सांगायची.

बाजारात कासारणीनं नेहमीचं माप काढलं तर बांगडी अंगठ्याच्या बुंध्याशीच अडली. मोठं माप काढावं लागलं. आई एवढी खूश, की कासारणीशी घासाघीस करायचीही विसरली. तिला इतकं आनंदात मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. चपला घट्ट होत होत्या, लघवीला फेस येत होता, तेही माझ्या लक्षात आलं होतं. पण आरशातला तो गोल चेहरा मलाही आवडायला लागला होता.

पुढं नेहमीच्या तपासणीला संभाजीनगरला गेले तेव्हा आईही सोबत आली. डॉक्टरांनी विचारायच्या आतच ती म्हणाली, "लई तब्येत सुदारली बगा, सायेब."

डॉक्टरांनी मला साडी जराशी वर करायला सांगितली, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला. तो भरून येईना.

"आई, हे मांस नाही. पाणी साठलंय," डॉक्टर तिला म्हणाले.

माझ्या किडन्यांतून प्रथिनं गळत होती. सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं की त्या उलटलेल्या फौजेनं मोर्चा तिकडंही वळवलाय. असं क्वचित होतं म्हणे, ते आमच्या वाट्याला आलं. मग किडनीचे डॉक्टर एक औषध लिहायचे आणि नसांचे डॉक्टर ते खोडायचे, कारण त्यानं माझा श्वास अडखळला असता. शेवटी दोघांचं जमलं. पाणी उतरलं, पण किडन्या पुरत्या सावरल्या नाहीत. थोडं आधी आला असता तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले.

तेवढं आईला पुरलं. "मीच मीठ चारून चारून फुगवली पोरीला," हे तिनं मनाशी धरलं. मिठानं सूज वाढते, पण आजार मिठानं झालेला नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, मीही कितीदा सांगितलं. तिला पटत नाही. आता ती स्वतःच्या ताटातही मीठ घेत नाही. आळणी पिठलं खाते आणि वर म्हणते, "काय वाईट लागत न्हाई."

किडन्यांचं दुःख आहेच, पण मला खरी हळहळ वाटते ती त्या दिवाळीची. जन्मभर वाट पाहिल्यावर आईला एकदाच मनासारखी लेक दिसली होती, आणि तीही पाण्यानं फुगलेली. ती दिवाळी आता आमच्या घरात कुणी आठवत नाही. तब्येत हा शब्दही आई तोंडात घेत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच कासारणीपुढं बसलो होतो. तिनं माझं मनगट हातात घेतलं.

"ताई लई वाळल्या वो मावशी."

"वाळलेलीच बरी हाय," आई म्हणाली. "ल्हान माप काड."

बांगडी कुठं न अडता आत गेली. मी हात पुढं करून आईला दाखवला. ती हाताकडं बघतच नव्हती. खाली वाकून माझ्या घोट्यावर अंगठा दाबत होती.