मोठीबायचं नाव

सरकारी कागदानुसार मोठीबाय बरीच वर्षं माझ्या मालकीची होती. हसू नका. कागदावर शिक्का होता, नंबर होता, आणि मी तो फ्रेम करून आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर लावला होता, देवांच्या तसबिरीपेक्षा वीतभर उंच. तेव्हा मी चाळिशीत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आता नात मला फोनवर फोटो कसा पाठवायचा ते चौथ्यांदा शिकवते, तेव्हा वाटतं, एवढी हुशारी गेली कुठे?

मोठीबाय म्हणजे वसईच्या समुद्राकडच्या एका वाडीतली म्हातारी. अख्खी वाडी तिला याच नावानं हाक मारायची. तिची सून टोपलीत केळी, अळू, अबोलीचे गजरे घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. एकदा तिनं सुकेळी आणली. राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी परत पसरायची, आणि मधासारखा रंग आला की केळीच्याच वाळल्या पानात बांधायची. मी एक खाल्लं आणि तिथंच उभ्या उभ्या दुसरं उचललं. विचारलं, कोणी केली? ती म्हणाली, मोठीबायच्या हातची आहेत.

तेच नाव पुढे पाकिटावर आलं. पाकिटाची कल्पना माझी. वालीवच्या एका छापखान्यातून लेबल करून आणलं ते मीच. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हातारीचं चित्र काढून घेतलं, ते मात्र मोठीबायसारखं न दिसता माझ्या सासूबाईंसारखं दिसायला लागलं आणि आमच्या घरात आठवडाभर अबोला झाला. मोठीबायनं शिकवल्याप्रमाणे सुकेळी सून करायची, मी दुकानांत पोचवायची. ती मला वयनी म्हणायची. तिला आलेली पत्रं, बँकेचे कागद, लाइटबिलावरचं इंग्रजी, सगळं मी वाचून दाखवायची.

मग तुळिंजच्या बाजारात कोणीतरी 'मोठीबाय' असंच छापून काळीठिक्कर, दाताला चिकटणारी सुकेळी विकायला लागलं. आमची गिऱ्हाइकं मला जिन्यात अडवून विचारायची, यंदा काय झालं हो? आमच्या ह्यांच्या ऑफिसात कोणाच्या तरी ओळखीचा एक एजंट होता, नावं रजिस्टर करून देणारा. त्यानं फॉर्म काढला आणि पेन उघडून विचारलं, मालक कोण?

मी म्हटलं, आम्ही दोघी.

तो म्हणाला, मग भागीदारीचे कागद करा, दोघींच्या सह्या, दोघींच्या खेपा. एकीचं नाव टाकलं तर आज काम होईल.

एवढंच. कोणी माझा हात पिरगाळला नाही. मी पाच मिनिटं विचार केला असता तरी चाललं असतं. पण त्या चाळिशीतल्या बाईच्या डोक्यात आलं की लेबल मी केलं, दुकानं मी फिरले, ती काय, केळी तर वाळवते. जणू केळी मी नजरेनं वाळवली असती. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या नावासकट.

एजंटनं आणखी एक विचारलं. ही मोठीबाय जिवंत आहे का? असेल तर तिची हरकत नाही असं लिहून लागेल. त्यानं कागद टाइप करून दिला आणि मी वाडीवर गेले.

मोठीबाय ओटीवर पान कुटत बसली होती. सून विहिरीकडे होती. मी कागद वाचून दाखवला नाही. एवढंच म्हटलं, मोठीबाय, तुमचं नाव सरकारात लागणार, अंगठा द्या. तिला फार आनंद झाला. उभ्या जन्मात तिचं नाव सातबाऱ्यावरसुद्धा लागलं नव्हतं. अंगठ्याला शाई लावून घेताना तिनं मला विचारलं,

"माज्या सुनेचं पन लावशील ना गो?"

मी म्हटलं, "हो."

त्या 'हो'ला किती वेळ लागला असेल? शाई वाळायलाही त्याहून जास्त वेळ लागला.

नोंदणीचा कागद यायला वर्षं लागली. तोवर मोठीबाय गेली. मधल्या काळात मला मोठं व्हायचं वेड लागलं होतं. वालीवच्या एका गाळ्यात गरम हवेचं यंत्र पाहून आले आणि सुनेला म्हटलं, ऊन कशाला हवं आता? ती म्हणाली, मग ती मोठीबायची नाहीत. मी म्हटलं, लेबल तेच आहे. त्या हंगामापासून तिनं मला सुकेळी दिली नाही. आपल्या फाटकावर पत्र्याचा बोर्ड लावला, 'मोठीबायची सुकेळी', आणि तिथंच विकायला लागली. माझी यंत्रातली सुकेळी चपलेच्या पट्ट्यासारखी व्हायची, ते वेगळं.

एजंट म्हणाला, तुळिंजवाल्याला थांबवलंत तसं हिलाही थांबवा, दुसऱ्यानं नाव वापरलेलं चालवून घेतलंत तर तुमचा हक्क कच्चा पडेल. नोटीस पाठवावी लागेल. नोटीस वकिलानं इंग्रजीत लिहिली. मी सही केली.

आठ दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात ती, हातात लांब पाकीट. किती तरी महिन्यांनी आली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "वयनी, हे काय आलंय बघा. इंग्रजीत आहे."

तिला वाचून दाखवणारी मीच होते ना. माझीच नोटीस मी माझ्याच सोफ्यावर बसून वाचली. आवाज कसा काढला ते देवाला ठाऊक. म्हटलं, बोर्डावरचं नाव काढा असं लिहिलंय.

"कोनी लिहिलंय?"

"वकिलानं."

ती निश्चिंतपणे हसली. "मग त्यांना सांगा ना. मोठीबायचं नाव आपण सरकारात लावलंय. मोठीबाय सांगून गेल्यात, माझं पन लावलंय म्हणून."

टीव्हीच्या वर फ्रेम होती. मी तिकडे बघायचं नाही म्हणून इतकी जमिनीकडे बघत राहिले, की तिनंच वर बघितलं. इंग्रजी येत नव्हतं तिला, पण माझं नाव कसं लिहितात ते इतक्या वर्षांत तिला पाठ झालं होतं. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, त्याखालची सही पाहिली, फ्रेम पाहिली. कागद घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला.

"असं होय," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. ती स्टुलावर चढून तारेच्या घासणीनं बोर्ड घासत होती. नुसतं 'सुकेळी' उरलं होतं. मी म्हटलं, अगं थांब, आपण काही तरी करू. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"त्या म्हणायच्या, सून माझं नाव काढील," ती म्हणाली. "काढलं बघा."

पुढे नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मी एजंटकडून कागद करून घेतला, नाव तिच्या नावावर करण्याचा. वाडीवर नेला आणि या वेळी ओळ न् ओळ वाचून, मराठी करून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मोठीबायनं अंगठा दिलेला कागद कुठाय? त्याची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. ती तिनं मागून घेतली, अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि आत नेऊन ठेवली. माझ्या कागदावर सही केली नाही.

"हा त्यांचा आहे," म्हणाली. "तो तुमचा तुम्हीच ठेवा."

मी नूतनीकरण केलं नाही. नाव कोणाचंच राहिलं नाही.

तिच्या फाटकावर अजून नुसतं 'सुकेळी' लिहिलेलं आहे, आणि लोक शोधत येतात. तुळिंजच्या बाजारात मात्र 'मोठीबाय' परत मिळायला लागली. कधी तरी मी एक पाकीट आणते. दाताला चिकटतात. नात म्हणते, आजी, किती वाईट आहेत ही, तू काहीच कशी बोलत नाहीस?

एरवी मी कशालाही नावं ठेवते. याला ठेवत नाही.