शुगर उतरली त्या दुपारी

एक वाजला की माझं शिलाई मशीन थांबतं आणि हात फोनकडे जातो. नवरा नरोलीला धाग्याच्या कंपनीत, पहिल्या पाळीला, सात ते तीन. "जेवलात का?" एवढंच विचारायचं असतं. कधी लगेच उचलतात, कधी कंपनीच्या घरघराटात त्यांना रिंग ऐकूच येत नाही. मग मी डोकमर्डीच्या या दोन खोल्यांत ओट्यापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालते. गिऱ्हाईक ब्लाऊज न्यायला यायचं असतं, पण सुईत दोरा ओवता येत नाही. "तू मला वेडा करशील," असं ते वैतागून म्हणतात. व्हा वेडे. उपाशी राहू नका म्हणजे झालं.

आम्ही लग्नानंतर धुळ्याकडून इथे सिल्वासाला आलो. शेजारी गुजरातेत दारूबंदी आणि इथे दारू हवी तेवढी, त्यामुळे रविवारी वापीकडून गाड्यांवर गाड्या येतात. रस्त्यात कोणी झोकांड्या खात चाललं तर इथे कोणी वळूनही बघत नाही. चढली असेल, उतरेल. आमचे हेही पूर्वी घ्यायचे. साखरेचा आजार निघाला, इन्सुलिन सुरू झालं, शुगर घसरली तर म्हणून खिशात साखरेची पुडी आली, तेव्हा त्यांनी सोडली. पण माझं मेलं मन, त्याचा संशय काही सुटला नाही. पुढे कितीतरी दिवस ते घरात आले की मी आधी तोंडाचा वास घ्यायची.

दोन वर्षांपूर्वीचा तो रविवारच होता, पण यांची पाळी होती. साडेतीनला दार वाजलं. उघडलं तर हे भिंतीला टेकून उभे, घामाने निथळलेले, एक चप्पल हातात. "कुठे होता?" विचारलं तर म्हणाले, "गाडी... हां... गाडी." जीभ जड. त्या दिवशी वास घेतला असता तरी कळलं असतं, पण रागाने मी जवळच गेले नाही.

"लाज नाही वाटत? भर दुपारी ढोसून आलात? उतरल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही!" मी म्हणाले आणि धाडकन दार लावलं. आत येऊन शिवायला बसले. टीप सरळ येईना, दोरा तीनदा तुटला. बाहेरून एक शब्द नाही. त्याचाही राग आला. एरवी दोन वाक्यं जास्तच बोलणारा माणूस, आज भांडत का नाही?

दहा मिनिटं गेली असतील. समोरच्या गुजराती बेन दार बडवायला लागल्या. "अरे बेन, भाई पीधेला नथी, प्यायले नाहीत! खांड लाव, खांड! साखर!" त्यांच्या आईला इन्सुलिन चालू होतं, त्यांनी असं होताना पाहिलेलं. हे जिन्याच्या पायरीवर बसलेले, हात थरथरत होते, डोळे माझ्याकडे पण ओळख नाही. पिशवीतला डबा उचलला तर जड. पोळ्या, भेंडी, सगळं तसंच. सकाळी इन्सुलिन टोचून गेलेले, आणि दुपारी धागा सारखा तुटत होता म्हणून मशीन सोडून जेवायला उठलेच नव्हते. देवा, मी काय केलं हे!

बेननी आधी घोटभर पाणी पाजून गिळता येतंय ना ते पाहिलं. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, श्वासात अडकतं, सरळ दवाखाना गाठायचा, असं मला दरडावत होत्या. मग साखरेचं पाणी, चार चमचे. बोट टोचून पाहिलं तर शुगर फक्त बेचाळीस. पाव तासाने पुन्हा टोचलं, अठ्ठ्याऐंशी. मग पोळी-भाजी खायला लावली, कारण नुसत्या साखरेवर चढलेली शुगर परत घसरते.

तेव्हापासून माझा एकचा फोन सुरू झाला, आणि हे येईल त्याला सांगतात, "बायको घरात होती म्हणून वाचलो." त्यांना काही आठवत नाही असं मी धरून चालले. लोक माझं कौतुक करायचे आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने आत पळायची.

गेल्या महिन्यात यांनी डॉक्टरांनाही तेच सांगितलं, मोठ्या अभिमानाने. मला सहन होईना. परतताना रिक्षात बोलून टाकलं, "दार मी लावलं होतं. दारुडा म्हणून बाहेर ठेवलं होतं तुम्हाला."

"माहितीये," म्हणाले.

मला रडूच फुटलं. "मग बोलला का नाहीत तेव्हा? खिशात साखरेची पुडी होती ना तुमच्या?"



"तू म्हणालीस, ढोसून आलात. मला वाटलं, प्यायलोच असेन. म्हणून गुपचूप उतरायची वाट बघत बसलो."