टेकडीवरची कोल्हीण

सोसायटीमागच्या टेकडीवर एक कोल्हीण निपचित पडलेली सापडली. जनावरांची डॉक्टर असलेल्या माझ्या ताईने तिला दवाखान्यात आणलं. कानांत टपोऱ्या गोचिडी चिकटल्या होत्या. चिमट्याने त्या काढत ताई म्हणाली, "रक्तात जंतू आहेत, गोचिडींतून शिरलेले. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांतही हेच सापडतात."

"वाचेल?"

"रक्त उरलंय कुठे? हिरड्या बघ, पांढऱ्याफटक."

मी तिच्या मानेवर हात ठेवला. रानातलं जनावर, पण हात झिडकारण्याचंही त्राण नव्हतं. टेकडीभोवती आम्ही कुंपण घातलं आणि रान पलीकडे राहिलं असं समजलो. रक्तातल्या जिवांना ते कुंपण दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी ती गेली. ताईने हात धुतले, आणि बराच वेळ नळ तसाच वाहू दिला.