फाटक कवा लागते

फरशीवर फिनाईल पडलं की मला मिशनची ती दोन छोटी कॉलेजं आठवतात, एक अमरावतीचं आणि एक अकोल्याचं. भाचीची बारावी झाली होती. मी स्वतः सिस्टरांच्या होस्टेलात राहून शिकलेली, म्हणून होस्टेल असलेलं कॉलेज निवडायला भावानं मला सोबत घेतलं. दोन्हीकडे तोच फिनाईलचा वास, खिडक्यांना तीच जाळी. भाचीला मानसशास्त्र घ्यायचं होतं, पण विषयाचं कोणी काढलंच नाही. भावानं दोन्हीकडे एकच विचारलं, "सिस्टर, फाटक कवा लागते?" अमरावतीच्या सिस्टर म्हणाल्या, दिवेलागणीला. अकोल्याच्या केरळी सिस्टर हसून म्हणाल्या, "चार बजे की चाय के बाद." भाऊ तिथंच खूश झाला आणि पोरीला म्हणाला, "हेच बरं. तुही आत्या पाय, सिस्टरांजवळ राहून कशी वळणाले लागली!" भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "आत्या, मंग मले काय निवडाले आनलं? फाटक?" जाळीबाहेर ऊन कलत होतं आणि माझा जीव उगाच घाबरा होऊन राहिला होता. आता घर माझं आहे, कुलूपकिल्ली माझी आहे. तरी दिवेलागणी झाली की मी बाजारात अर्धी भाजी घ्यायची सोडून घराकडे पळत सुटते.