बाटली माझीच आहे

"आधी चमचा दाखवा."

मूल तपासून झालेलं असायचं, लाल औषधाची बाटली टेबलावर आलेली असायची, आई ती उचलायला हात पुढं करायची आणि आमच्या डॉक्टरीणबाई बाटलीवर पंजा ठेवून हे वाक्य टाकायच्या. घरी ज्यानं औषध पाजणार तो चमचा. "आवं, घरी हाय की चमचा," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग घरी जाऊन आणा. तोवर बाटली इथं बसेल."

ही कराडची गोष्ट, सत्तरच्या दशकातली. खाली त्यांचा दवाखाना आणि वर माझं बिऱ्हाड. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. माझं तोंड फटकळ आहे हे गावाला ठाऊक होतं, पण त्यांच्यापुढं मी म्हणजे अगदीच गरीब गाय. त्या सांगलीच्या, लग्न न केलेल्या, एकट्या. गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. उन्हातून तंगडतोड करत आलेल्या बाईला, "आई आहेस का शेजारीण? ताप कधीपासून हेही ठाऊक नाही?" असं तोंडावर म्हणायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बरोबर असतात आणि नकोशी असतात.

तर लोक चमचे आणायचे. पळ्या आणायचे, डाव आणायचे. एकीनं देवपूजेची पळी आणली होती. मंडईतल्या एका बागवानानं तर वैतागून घरातले सगळे चमचे फडक्यात बांधून आणले आणि टेबलावर ओतले. "घ्या डॉक्टरीणबाई, पसंत करा. पोरगी बघायला आल्यावानी बघा." तेव्हा मात्र त्या खळखळून हसल्या. मग त्यातला एक उचलून त्यांनी खणातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि चमच्यात आतून बारीक रेघ मारली. "इथपर्यंत. थेंब वर गेला तर मला कळेल." कसं कळणार होतं देव जाणे, पण लोकांना ते पटायचं. लग्नाची राहिलेली ही बाई नेलपॉलिश कशाला बाळगते, यावर आमच्या पेठेत बरेच दिवस चघळणं चाललं. त्यांच्या स्वतःच्या नखाला कधी रंग लागलेला मी पाहिला नाही.

गळीत हंगाम सुरू झाला, कारखान्याची धुराडी पेटली, की वाळत घातलेल्या धुण्यावर काजळी बसायची आणि मुलांची नाकं, डोळे वाहायला लागायचे. अ‍ॅलर्जी हा शब्द गावात नवीन होता. लोकांच्या लेखी सगळी सर्दीच. त्यावर ते लाल, गोड औषध. बाकीचे डॉक्टर मागेल त्याला द्यायचे. ह्यांचं मात्र कीर्तन ठरलेलं. "ह्यात दोन औषधं आहेत. एकानं शिंका, खाज थांबते, पण झोप येते. दुसऱ्यानं चोंदलेलं नाक सुटतं, पण छाती धडधडते. दुसरी कुठली सर्दीची बाटली चालू असेल तर ही द्यायची नाही, त्यातही हेच असतं. थोरल्याचं धाकट्याला द्यायचं नाही. तान्ह्याला तर थेंबसुद्धा नाही. आणि झोपवायला म्हणून दिलंत तर माझ्याशी गाठ आहे."

शेवटचं वाक्य मुद्दाम असायचं. आमच्याकडं पूर्वी बाया भांगलायला रानात जाताना तान्ह्या पोराला अफूचा कण चाटवायच्या. पोर निजायचं, बाईचं काम उरकायचं. पुढं अफू मिळेनाशी झाली, पण सवय जाईल तर शपथ. लाल औषधानं पोर गुंगतं, हे बायांच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागतो!

नदीपलीकडच्या एका बागायतदाराच्या घरची सून एकदा आपल्या मोठ्या मुलीला घेऊन आली. मुलीचे डोळे खाजून खाजून लाल झालेले. कडेवर धाकटा मुलगा, अजून दात यायचे होते. बरोबर सासू. सून आटपाडीकडची, कोरडवाहू मुलखातली. ते उकरून काढल्याशिवाय सासूचा दिवस मावळत नसे. डॉक्टरीणबाईंचं कीर्तन ऐकून सासू फणकारली, "आमी अफू चाटवून पोरं वाढवली. काय झालं न्हाई कुणाला."

"जी गेली ती मोजली नसतील तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासू उठून बाहेर जाऊन उभी राहिली. तिची काही पोरं लहानपणीच गेली होती, हे मला मागाहून कळलं. डॉक्टरीणबाईंना ते माहीत नव्हतं. असतं तरी त्या हेच बोलल्या असत्या, तेही खरं.

पुढं महिनाही झाला नसेल. रविवारची दुपार, मी खाली गप्पा मारत बसले होते. ती सून उसाच्या ट्रॅक्टरवरून उतरून धावत आली, एकटीच. धाकटा पदरात. अंग लालबुंद, ओठ कोरडे ठणठणीत, छाती फडफडतेय आणि काही केल्या डोळे उघडत नाही.

"काय दिलंस?"

"काय न्हाई वो."

"खरं सांग. खोटं ऐकायला ह्याच्याकडं वेळ नाही."

"पोरीचं लाल औशद. दात येत्यात, रातनदीस रडतंय. तोडणीच्या मानसांच्या भाकरी थापायच्या हुत्या. आत्ती म्हनल्या, पोरगं गप कर, न्हाईतर आटपाडीची वाट धर. एक पळी पाजली, निजला. परत उठला, परत पाजली." मग तिनं डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. "आत्तींना सांगू नगा. मला नांदवायच्या न्हाईत. पोरगं काढून घेतील माझं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. "बाई, तुमचं तोंड फार चालतं. ह्यात चालवायचं नाही. शब्द द्या."

दिला. ती सून जिवंत होती तोवर मी तो पाळला. आता ती नाही, म्हणून लिहिते आहे.

कुणाची तरी जीप मिळाली, आम्ही तिघी निघालो. मिरजेपर्यंत पोर डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर. त्या त्याच्या तळव्यांना चिमटे काढत होत्या, गालावर टिचक्या मारत होत्या. "ए राजा, ऊठ रे. ऊठ माझ्या सोन्या. झोपायचं नाही आता." हा आवाज ह्या बाईच्या घशात होता कुठं इतके दिवस? मिरजेच्या डॉक्टरांनी शर्थ केली आणि पोर वाचलं. दुसऱ्या दिवशी घरची माणसं येऊन सुनेला आणि पोराला घेऊन गेली.

आम्ही दोघी मागाहून परत आलो तर दवाखान्यापुढं गर्दी. सासू मधोमध, हातात बाटली. मागं सून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. "हिनंच सांगितलं बारक्याला बी पाजा म्हनून! माजी सून सांगती की! माजा नातू मारत हुती ही. इचारा हिलाच, ही बाटली हिचीच का न्हाई?"

सुनेनं तसं सांगितलं होतं तर. सगळे डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी सुनेकडं पाहिलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण त्यांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "बाटली माझीच आहे."

एवढंच बोलून आत गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग आत शिरले आणि तोंड सोडलं. "अहो, एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मग ती कुठं गेली असती?"

"आणि तुम्ही कुठं जाल?"

"माझ्याकडं पदवी आहे, बाई. तिच्याकडं काय आहे?"

गाव कसं असतं ते तुम्हाला काय सांगायचं. ज्यांची पोरं ह्या बाईनं वाचवली, तेच आता समोरच्या बाजूनं जायला लागले. "पोराला मारत हुती" हे पेठेतून मंडईत, मंडईतून वाडीवस्तीवर गेलं. पलीकडच्या डॉक्टरकडं रांगा. तो ना चमचा विचारायचा ना वय. बागवान तेवढा येत राहिला. एकट्या बागवानावर दवाखाना चालत नाही. पावसाळ्याच्या आत त्यांनी पाटी उतरवली आणि पाचगणीला एका निवासी शाळेत पोरांना तपासायची नोकरी धरली. गावातलं कुणी स्टँडवर पोचवायलाही आलं नाही. हरामखोर लेकाचे!

मी सुट्टीत पाचगणीला जायची. चहा पुढं ठेवला की त्या पहिलं विचारायच्या, "तो मुलगा कसा आहे?" चांगला आहे म्हटलं की दुसरं, "आणि ती? नांदते ना?" नांदते, मी सांगायची. त्यावर त्या मान हलवायच्या आणि दुसऱ्याच विषयावर जायच्या. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

त्या वारल्या तेव्हा तो मुलगा लग्नाच्या वयाचा झाला होता. काही महिन्यांतच त्याच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेले ते केवळ सुनेला बातमी द्यायला. सासू मरून जमाना झाला होता. आता हीच घरची कर्ती, अंगावर दागिने, चालण्यात ठसका. मी तिला बाजूला घेतलं. "डॉक्टरीणबाई गेल्या."

तिनं नव्या नवरीला जवळ ओढलं आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "एक डॉक्टरीण हुती बग हितं. भलतंच औशद देऊन तुज्या नवऱ्याला मारलाच हुता तिनं. मी उचलला आनि मिरजंला पळवला, म्हनून हाय."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. भीती नाही, लाज नाही. सासू नव्हती, धाक नव्हता, कुणाला लपवायचं काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं बोलून बोलून तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. शब्द तिला दिला असता तर तिथंच मोडला असता. तो मेलेल्या बाईला दिलेला होता.

मी पंगतीत जाऊन बसले. नवरदेव स्वतः आग्रह करत फिरत होता. उंचापुरा, फेटा बांधलेला, बोलायला गोड पोरगा. माझ्यापुढं वाकून त्यानं पानात जिलबी वाढली. "मास्तरीणबाई, तुमी तवा हितंच ऱ्हायला हुता म्हनं. मला आईनंच वाचवलं न्हवं?"

मी "हो" म्हणाले.